सदाफुलीच्या पानात औषध आहे, मग ते इतकं थोडं का?

वैजू
गेल्या वर्षी माझ्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पहिला महिना दर आठवड्याला छोट्या पिशवीतून एक औषध द्यायचे, विन्क्रिस्टीन. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे सदाफुलीचं औषध आहे बरं का." मी घरी आले आणि तुळशीशेजारच्या सदाफुलीकडे बघतच बसले. पंधरा वर्षं ती तिथे आहे. पाणी घालायला विसरले तरी फुलते.

बहिणीच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि रोज सकाळी चार पानं धुऊन मुलाला चावायला देऊ लागल्या. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी ते लगेच बंद करायला लावलं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "पानातच आहे ना ते, मग पान का नको?" त्यांचा प्रश्न मला रागावण्यासारखा वाटत नाही. मलाही उत्तर येत नाही.

त्यातच कुठेतरी वाचलं की हे औषध बनवणारी सगळी जनुकं आता सापडली आहेत. म्हणून माझे दोन प्रश्न. दारोदार वाढणाऱ्या झाडात हे औषध इतकं दुर्मीळ कसं? आणि जनुक सापडलं असेल तर ते उचलून टोमॅटोत का घालत नाहीत? कृपया मला समजेल असं सांगा. माझं शिक्षण बी.कॉम. आहे.

रात्रपाळी
वैजूताई, मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात परिचारिका आहे. भाचा आता कसा आहे ते आधी सांगा.

सासूबाईंना एवढंच दाखवा. मोठ्या माणसाला एका वेळी विन्क्रिस्टीन जास्तीत जास्त २ मिलीग्रॅम देतात. मुलांना त्याहून कमी, तेही शरीराचं क्षेत्रफळ काढून. मोहरीचा दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. एवढ्याशा औषधाने कधी मुलांचे पाय बधिर होतात, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. आम्ही मात्रा दोघीजणी मिळून तपासतो. पानात आज किती असेल, उद्या किती, कोण सांगणार?

गणितभोपळा
आकडे आलेच आहेत तर हिशेब करून टाकू. वनस्पतीशास्त्राच्या लेखांत नेहमी येणारा अंदाज असा की १ ग्रॅम विन्ब्लास्टीनसाठी (सदाफुलीतलंच दुसरं कॅन्सरचं औषध) सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात आणि १ ग्रॅम विन्क्रिस्टीनसाठी सुमारे २००० किलो.

१ ग्रॅममध्ये २ मिलीग्रॅमचे ५०० डोस होतात. २००० किलोला ५०० ने भागा. एका डोसला ४ किलो वाळलेला पाला. वाळलेला, ओला नव्हे. सासूबाईंची चार पानं या हिशेबात कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

दूरदेशी
मी कॅनडातल्या लंडनमध्ये राहतो, ऑन्टारिओ प्रांतात. सदाफुलीतलं पहिलं औषध, विन्ब्लास्टीन, सापडलं ते इथल्याच विद्यापीठात, म्हणून राहवलं नाही.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात लोक तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत. १९५२ मध्ये तिथल्या एका डॉक्टरने थोडी पानं टोरान्टोच्या डॉ. क्लार्क नोबल यांना टपालाने पाठवली. (अवांतर: हे क्लार्क नोबल म्हणजे १९२१ मध्ये इन्शुलिनच्या शोधात बँटिंग यांचा पहिला मदतनीस कोण व्हायचं यासाठी नाणं उडवलं आणि हरले, ते. जिंकले चार्ल्स बेस्ट.) त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

आता सासूबाईंसाठी महत्त्वाचं. पानांचा अर्क उंदरांना तोंडाने दिला तेव्हा काहीही झालं नाही. साखर उतरली नाही, दुसरंही काही नाही. मग तो टोचून दिला. साखर तेव्हाही हलली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी धडाधड कमी झालेल्या. तिथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या आजारात हेच हवं आहे. चार्ल्स बीअर यांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा केला आणि १९५८ मध्ये विन्ब्लास्टीन जगापुढे आलं. विन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये परवानगी मिळाली.

म्हणजे तोंडाने घेऊन उपयोग नाही, हे पहिल्याच प्रयोगात दिसलं होतं.

वैद्यबुवा
मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, त्यामुळे माझ्याकडून पानाची बाजू घेतली जाईल असं काहींना वाटेल. सदाफुलीपुरतं डॉक्टरांचं बरोबर आहे. परदेशातून आलेलं झाड, आपल्या जुन्या ग्रंथांत त्याचा पत्ता नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मधुमेहाला पानं चावणारे मीही रोज बघतो आणि रोज थांबवतो.

पण "झाडपाला म्हणजे अंधश्रद्धा" असा सूर लावू नका. सर्पगंधेचं बघा. रक्तदाबावर ती चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडलं. तिच्यातला रक्तदाब उतरवणारा रेणू, रिसर्पीन, वेगळा निघाला तो १९५२ मध्ये. त्याआधी १९३१ मध्ये सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी त्याच मुळातून अजमलीन काढलं होतं आणि हकीम अजमल खान यांचं नाव त्याला दिलं होतं. आधी मूळ, मग माणसं, मग रेणू.

पेशीभिंत
वैजूताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझी पाच वर्षं गेली आहेत. सविस्तर लिहिते.

"औषधाचं जनुक" असं एक जनुक नसतंच. जनुक म्हणजे एक कृती लिहिलेला कागद, आणि त्या कृतीतून तयार होतो तो विकर, म्हणजे एन्झाइम. एक विकर साधारण एकच काम करतो. इथे ऑक्सिजन चिकटव, तिथला हायड्रोजन काढ. सदाफुलीत साध्या साखरेपासून विन्ब्लास्टीनपर्यंत अशी ३० हून अधिक कामं ओळीने व्हावी लागतात.

सुरुवात दोन बाजूंनी होते. एकीकडे ट्रिप्टोफॅन, जे आपल्या दुधात-डाळीतही असतं. एक विकर त्याचा तुकडा काढून ट्रिप्टामीन करतो. दुसरीकडे जिरॅनिऑल. त्यावर सात-आठ विकर काम करतात आणि सेकोलोगॅनीन होतं. मग स्ट्रिक्टोसिडीन सिन्थेज नावाचा विकर या दोघांचं लग्न लावतो. जन्माला येतं स्ट्रिक्टोसिडीन. हा रेणू या सगळ्या कुळाचा मूळपुरुष. सदाफुलीतली शंभराहून अधिक अल्कलॉइडं (झाडांतली कडू, बहुधा विषारी किंवा औषधी रसायनं), सर्पगंधेतलं अजमलीन आणि रिसर्पीन, सिंकोनातलं क्विनीन, सगळी याचीच नातवंडं-पतवंडं.

स्ट्रिक्टोसिडीनपासून पुढे दोन वाटा फुटतात. एकीच्या शेवटी कॅथरॅन्थीन, दुसरीच्या शेवटी विंडोलीन. हे दोन अर्धे जोडले की विन्ब्लास्टीन. त्यातल्या विंडोलीनच्या अर्ध्यावर एक छोटासा बदल झाला की विन्क्रिस्टीन.

मधल्या काही पायऱ्या कित्येक वर्षं कुणाला सापडत नव्हत्या. मधला पदार्थ इतका अस्थिर की हातात यायच्या आत बदलून जायचा. २०१८ मध्ये सारा ओ'कॉनर यांच्या गटाने ते हरवलेले विकर शोधले. तो निबंध आला त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कुणी काम केलं नाही. सगळे छापील पानं घेऊन जिन्यावर बसलो होतो.

रोशा
जिरॅनिऑल म्हणजे रोशा गवतातलं तेच का? माझ्या आयडीचं नाव त्यावरूनच आहे. आजोबा धुळ्याकडे डोंगरातलं रोशा गवत कापून भट्टी लावायचे. तो गुलाबासारखा वास अजून नाकात आहे.

पेशीभिंत
@रोशा, हो, अगदी तेच! रोशा गवत ते तसंच साठवतं आणि आपल्याला वास देतं. सदाफुली त्याच रेणूवर विकरांची फौज लावून त्याचं कडूजहर काहीतरी करते. कच्चा माल एकच, कारागीर वेगळे.

कुडाळची_पोर
मग कुडा पण याच नातवंडांत का? सदाफुली आणि कुडा एकाच कुळातले, दोन्ही कडू, दोन्हीत अल्कलॉइड. जुलाबावर आमच्याकडे कुड्याची साल अजून उगाळतात.

पेशीभिंत
नाही ताई, इथे फसगत होते. कुड्यातलं कोनेसीन ट्रिप्टोफॅनपासून येत नाही, ते कोलेस्टेरॉलच्या सांगाड्यावर उभं आहे. कुळ एक, कडूपणा एक, पण कारखाना पूर्ण वेगळा. उलट सिंकोना सदाफुलीच्या कुळातला नाही, तरी स्ट्रिक्टोसिडीनच्या वाटेने जातो.

शंकेखोर
सगळं छान, पण मूळ प्रश्न राहिलाच. इतके विकर आहेत, जनुकं आहेत, झाड ठणठणीत आहे. मग औषध मोहरीएवढं का? झाडाला अडचण काय आहे?

पेशीभिंत
ही मला सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

सदाफुलीचं पान हातात धरा. या एका पानात कामाची वाटणी आहे. पहिल्या पायऱ्या पानाच्या शिरांजवळच्या पेशींत होतात. तिथून माल निघतो तो पानाच्या वरच्या सालीच्या पेशींत, तिथे स्ट्रिक्टोसिडीन बनतं. विंडोलीनच्या शेवटच्या दोन पायऱ्या मात्र आत विखुरलेल्या काही वेगळ्या पेशींत आणि चिकाच्या नळ्यांत. एका रेणूचा हा प्रवास, घराघरांतून.

कॅथरॅन्थीन तयार झालं की त्याच्यासाठी खास दरवाजा आहे. एक वाहक प्रथिन त्याला पेशीबाहेर ढकलतं आणि ते पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात जाऊन बसतं. ते पृष्ठभागावर असतं हे कॅनडातच, व्हिन्सेन्झो डी लुका यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. प्रयोग अगदी साधा. अख्खं पान क्लोरोफॉर्ममध्ये बुडवायचं आणि वर काढायचं. पान फाडायचं नाही, वाटायचं नाही. क्लोरोफॉर्ममध्ये जवळजवळ सगळं कॅथरॅन्थीन उतरलं. विंडोलीन पानातच राहिलं.

म्हणजे एक अर्धा घराच्या ओटीवर आणि दुसरा माजघरात. दोघांना जोडणारा विकर आहे, पण भेट क्वचितच होते. म्हणून विन्ब्लास्टीन इतकं थोडं, असं त्यांचं म्हणणं.

वैजू
पेशीभिंत, हे वाचून मी उठून अंगणात गेले. पान बोटांत धरून उभी राहिले. पण ते असं का ठेवतं? जोडायचंच नसेल तर बनवतं कशाला?

पेशीभिंत
कारण झाड आपल्यासाठी औषध बनवत नाही. अळीसाठी विष बनवतं. पानावरचं कॅथरॅन्थीन बुरशीला आणि किड्यांना आधीच अडवतं.

आत तर त्याहून जबर व्यवस्था आहे. स्ट्रिक्टोसिडीन पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवलेलं असतं, साखरेचा एक रेणू त्याला चिकटलेला. तो तोडणारा विकर त्याच पेशीच्या केंद्रकात बसलेला असतो. मध्ये भिंत. अळीने पान चावलं की भिंती फुटतात, दोघे एकत्र येतात, साखर तुटते आणि जे निघतं ते प्रथिनांना घट्ट चिकटून त्यांचा गोळा करतं. अळीच्या तोंडातच. शास्त्रज्ञांनी याला "केंद्रकातला टाइमबॉम्ब" म्हटलं आहे.

सासूबाईंना हेही सांगा. पान चावलं की आपल्या तोंडातही तेच घडतं.

रात्रपाळी
बाप रे. हे मी उद्या वॉर्डात सांगणार आहे. दर दोन महिन्यांनी एक तरी आजी पानांची पुडी घेऊन येतेच.

मेंढपाळाचा_नातू
आमच्याकडे शेळ्या धोत्रा आणि सदाफुली दोन्ही सोडून देतात. कुंपणाला मुद्दाम सदाफुली लावायची पद्धत होती. आज कारण कळलं.

रोशा
टोमॅटोचं राहिलं. माझ्याकडे दोन एकर टोमॅटो आहे. भाव पडला की रस्त्यावर ओततो. त्यात औषध पिकलं तर आनंदच आहे.

कुडाळची_पोर
@रोशा, मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. टोमॅटो आणि धोत्रा एकाच कुळातले, म्हणून एकावर दुसऱ्याचं कलम चालतं. धोत्र्याच्या मुळांवर टोमॅटोचा शेंडा बांधला तर टोमॅटोच्या पानांत धोत्र्याची अल्कलॉइडं येतात. उलट केलं, टोमॅटोच्या मुळांवर धोत्रा, तर धोत्र्यात जवळजवळ काही नाही. कारण ते विकर मुळांत काम करतात आणि माल पाण्याच्या नळ्यांतून वर चढतो. अमेरिकेत अशा कलमाचे टोमॅटो खाऊन एका कुटुंबाला विषबाधा झाली होती. कृपया प्रयोग करू नका.

पेशीभिंत
सुंदर उदाहरण. आणि तिथेच अडचण कळते. एक जनुक उचलून चालत नाही. तीसेक उचलायची, प्रत्येकाला योग्य पेशीत योग्य वेळी चालू करायचं, मधला माल इकडून तिकडे नेणारे वाहक द्यायचे. शिवाय त्या विषाने टोमॅटो स्वतः मरायला नको.

२०२२ मध्ये कीजलिंग यांच्या गटाने हे यीस्टमध्ये करून दाखवलं. पाव फुगवणारं तेच यीस्ट. त्यात वनस्पतींची ३४ जनुकं घातली, यीस्टच्या स्वतःच्या १० जनुकांत फेरफार केले, सगळे मिळून ५६ बदल. यीस्टने कॅथरॅन्थीन आणि विंडोलीन दोन्ही बनवलं आणि ते बाहेर काढून जोडता आलं. पण लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. वाट सापडली आहे, गाडी अजून धावायची आहे.

माझं स्वतःचं सांगते. मी सदाफुलीच्या पानाचा तुकडा बाटलीत वाढवून पेशींचा गोळा करायचे, कॅलस. तीन वर्षं. दर पंधरा दिवसांनी नवीन माध्यम, नवीन बाटल्या. कॅथरॅन्थीन यायचं. विंडोलीन शून्य. प्रत्येक वेळी यंत्रावर त्या जागी सपाट रेघ. संप्रेरकं बदलली, साखर बदलली. जास्मोनेट घातलं, जे अळी चावल्यावर झाड स्वतः तयार करतं. त्याने ओर्का नावाची नियंत्रक जनुकं जागी होतात आणि ती एका झटक्यात कितीतरी विकरांची जनुकं चालू करतात. माझ्या बाटलीतला बाकीचा माल वाढला. विंडोलीन नाही ते नाहीच. कारण त्याच्या शेवटच्या पायऱ्यांना उजेड लागतो आणि ती पानातली खास पेशी लागते. माझ्या गोळ्यात पानच नव्हतं. हे पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी ती सपाट रेघ बघून रडू यायचं.

शंकेखोर
यीस्टवाल्यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनीन केलं तेव्हाही असाच गाजावाजा झाला होता. २०१३ मध्ये कारखाना सुरू झाला. शेतातल्या पिकाचे दर पडले आणि यीस्टचं महाग ठरलं. कारखाना विकावा लागला. झाडाला मोडीत काढायची घाई नको.

रोशा
आणि दर पडले तेव्हा शेतकऱ्याचं काय झालं, तेही लिहा. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने सदाफुलीचे निर्मल, धवल असे वाण काढले आहेत. लावायला आम्ही तयार आहोत. पण दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने तोंडी भाव ठरवून औषधी पीक लावायला सांगितलं आणि काढणीला फोन बंद. माल गोठ्यात सडला. जनुकं सापडली याचा मला आनंद आहे, पण खरेदीचा लेखी करार आधी सापडू दे.

आंबोलीकर
धागा वाचत होतो, आता लिहितोच. सदाफुली निदान अंगणात उगवते. आमच्या नरक्याचं काय?

नरक्या सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातलं लहानसं झाड. पान चुरगळलं की घाण वास, म्हणून नाव असं. यात कॅम्टोथेसिन आहे. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी ते आधी एका चिनी झाडातून काढलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्या नरक्यात ते भरपूर आहे. त्यापासून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही कॅन्सरची औषधं होतात. आणि त्या दिवसापासून झाडाचे वाईट दिवस सुरू झाले.

मी दहावीत असताना वडिलांबरोबर जंगलात गेलो होतो. एका ओहोळाकाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर तोडलेले बुंधे. मी मोजले, एकोणीस. फांद्या-पाला तिथेच टाकलेला, खोडं गायब. तोडलेल्या जागी ओल होती आणि तोच वास. वडील काही बोलले नाहीत. एका बुंध्याला फुटवा आला होता, त्याच्याभोवती त्यांनी दगड रचले. गुरं येऊ नयेत म्हणून.

तेव्हा @पेशीभिंत, तुमचं यीस्ट लवकर धावू दे. रोशादादांचं दुःख मला कळतं. पण नरक्या कुणी शेतात लावत नाही, तो जंगलातूनच तोडतात.

पेशीभिंत
आंबोलीकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

कॅम्टोथेसिनची एक गोष्ट तुमच्यासाठी. हे विष पेशीतल्या टोपोआयसोमरेज नावाच्या विकराला पकडतं, जो डीएनएचा पीळ सोडवतो. मग ते बनवणारं झाड स्वतः कसं जगतं? त्या चिनी झाडाचा हा विकर तपासला तर त्यात एका ठिकाणी एकच अमिनो आम्ल बदललेलं निघालं. त्यामुळे विष त्याला पकडू शकत नाही. आणि नेमका तोच बदल, त्याच जागी, औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सर पेशींत आधी सापडला होता.

गणितभोपळा
हे वाचून अंगावर काटा आला. तोच बदल, झाडात आणि रोग्यात.

कुडाळची_पोर
अवांतर: गौरीच्या सणाला आम्ही कळलावीची फुलं आणतो, गौरीचे हात म्हणतो. तिच्यातलं कोल्चिसीन वातरक्तावर देतात. त्याचीही बरीचशी वाट २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ सॅटली यांच्या गटाने आपल्या याच कळलावीवरून शोधली. फुलं आणा, पण कंद मुलांच्या हाती लागू देऊ नका. जीवघेणा आहे.

वैद्यबुवा
@आंबोलीकर, नरक्याची रोपं करायला कुणी पुढे येत असेल तर मला कळवा. माझ्याकडे सावलीतली अर्धा एकर जागा पडून आहे.

आंबोलीकर
बी धरलं की पाठवतो. ते ताजंच पेरावं लागेल, ठेवून चालणार नाही.

वैजू
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळीताई, भाचा आता शाळेत जातो. पाय अजून थोडे अडखळतात, जिन्यावर कठडा धरतो. केस आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे.

काल सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. ओटी आणि माजघराचं त्यांना लगेच कळलं. ४ किलो पाल्याचा हिशेब त्यांनी दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "म्हणजे तेवढ्या पिशवीसाठी कुणीतरी एवढी पानं खुडली." थोडा वेळ गप्प बसल्या. आज सकाळी सदाफुलीला पाणी त्यांनीच घातलं. पानं तोडली नाहीत.

एक प्रश्न राहिला. पांढऱ्या आणि गुलाबी सदाफुलीत फरक असतो का?

पेशीभिंत
निर्मल आणि धवल दोन्ही पांढऱ्या फुलांचे आहेत. पण फुलाचा रंग वेगळ्या विकरांचं काम आहे, अल्कलॉइडांचं नाही. तुमच्याकडे कोणती आहे?

वैजू
गुलाबी. मधे गडद ठिपका असलेली.